संख्या सिद्धांत जुन्या ग्रंथांतून शिकताना : कोणतं पुस्तक, कोणत्या क्रमानं आणि कसं

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडच्या वाटेनं चढताना खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधल्या एका दानाची नोंद आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि माळ्यांकडून रोज ५० माळा. २७० आणि ५० मधलं शून्य बघायला दूरदूरचे गणिती इथे येतात. मला या लेखासाठी मात्र ते चारही आकडे हवे आहेत : ९३३, २७०, १८७ आणि ५०. संख्या सिद्धांत शिकणाऱ्याजवळ स्वतःचे असे काही आकडे असावेत. पुस्तकात नवा सिद्धांत आला की तो आधी त्यांच्यावर चालवून बघायचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी माणसाला यांच्याहून जवळचे आकडे कुठे मिळणार?

हा लेख तीन प्रकारच्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. जिवाजी विद्यापीठात बी.एस्सी. करणारी मुलगी, इंजिनिअरिंगला जाऊनही गणिताची ओढ न सुटलेला मुलगा, आणि एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेले, शाळेत गणितात रमलेले काका. तिघांनाही सुरुवातीला एवढंच लागतं : दहावी-बारावीचं बीजगणित आणि इंडक्शननं केलेली सिद्धता कशी चालते याची समज. कॅल्क्युलस बराच काळ लागत नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून एक खुलासा : पुढे मूळ संख्या म्हणेन ती तुमची अभाज्य संख्या, आणि मसावि म्हणजे महत्तम समापवर्तक.

टेबलावर काय असावं

मुख्य पुस्तक एकच असावं. माझ्या मते ते डेव्हिड बर्टनचं ‘एलिमेंटरी नंबर थिअरी’. भाषा सोपी आहे, उदाहरणं भरपूर आहेत, प्रत्येक विषयामागचा इतिहास आहे, आणि भारतीय आवृत्ती परवडते. दिल्लीला जाणं होत असेल तर आसफ अली रोडवरच्या महिला हाटात रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे जुनी प्रत शोधा. या विषयात जुनी आवृत्ती चालते, कारण युक्लिडची सिद्धता आवृत्तीगणिक बदलत नाही.

त्याच्या शेजारी हॅरॉल्ड डॅव्हनपोर्टचं ‘द हायर अरिथमेटिक’ ठेवा. १९५२ साली आलेलं हे लहानसं पुस्तक वाचताना एखादा समजूतदार प्राध्यापक शेजारी बसून बोलतो आहे असं वाटतं. सूत्रं कमी आणि कारणं जास्त. बर्टनमध्ये एखादी सिद्धता पाठ झाली पण पटली नाही, तर ती डॅव्हनपोर्टमध्ये वाचा.

गणितं कमी पडली तर निव्हन आणि झुकरमन यांचं १९६० सालचं पुस्तक आहे. पाचव्या आवृत्तीत माँटगोमेरी तिसरे लेखक झाले. त्यातली गणितं कठीण आहेत, म्हणून पहिल्या वाचनात प्रत्येक प्रकरणातली निवडक आठ-दहाच घ्या.

खरे अभिजात ग्रंथ यानंतरचे. गाउसचं ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ (१८०१), भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’, आणि हार्डी-राइट यांचं १९३८ सालचं पुस्तक. यांना पायरी-पायरीनं हात घालायचा.

इथे एक आग्रहाची सूचना : हार्डी-राइटपासून सुरुवात करू नका. दरवर्षी कुणी ना कुणी मुलगा विचारतो, “काका, सगळे हार्डी म्हणतात, तेच घेऊ का?” पुस्तक श्रेष्ठ आहे यात वाद नाही. पण त्यात सोडवायला एकही गणित नाही. क्रमही नवख्याचा नाही. पहिली दोन प्रकरणं मूळ संख्यांवर, तिसरं फॅरे मालिका आणि मिन्कोव्हस्कीच्या सिद्धांतावर, चौथं अपरिमेय संख्यांवर, आणि काँग्रुअन्स, म्हणजे बाक्यांचं गणित, येतात ते थेट पाचव्यात. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या सगळ्यांत पायाभूत सिद्धांताचं विधान पहिल्या प्रकरणात आहे आणि सिद्धता दुसऱ्यात. हा पद्धतशीर ग्रंथ नाही, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे. ज्याला वाटा माहीत आहेत त्यानं या पुस्तकात फिरावं. त्याला ते भरभरून देतं.

सिद्धता वाचायची रीत

पुस्तकांच्या निवडीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिद्धांताचं विधान वाचलं की पुस्तक बंद करा. चौकटीच्या वहीत तो सिद्धांत निदान चार-पाच संख्यांवर चालवा. एक संख्या लहान, एक मूळ, एक संयुक्त, आणि एक अशी की जिच्यावर तो फसेल अशी तुम्हाला शंका आहे. मग विधानातली एखादी अट काढून टाका आणि काय मोडतं ते बघा. ‘मसावि १ असेल तर’ असं लिहिलं असेल, तर मसावि ३ असलेली जोडी घेऊन बघा. ती अट तिथे का आहे हे कळलं की निम्मी सिद्धता हातात आलेली असते.

त्यानंतर अर्धा तास स्वतः सिद्ध करायचा प्रयत्न करा. जमलं नाही तरी तो अर्धा तास वाया जात नाही, कारण पुस्तक उघडल्यावर लेखकानं नेमकी कुठे युक्ती केली ते डोळ्यांत भरतं. सिद्धता वाचून झाली की वही मिटा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठवणीतून, आपल्या भाषेत, कोऱ्या पानावर उतरवा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, मिश्र लिहा. पण पुस्तकातली वाक्यं उतरवू नका.

या रीतीनं दिवसाला दोन पानं झाली तरी उत्तम. आठवड्याला सात-आठ तास दिलेत तर बर्टनचा गाभा आणि सोबतचं वाचन साधारण वर्षभरात होतं. मे-जूनमध्ये दुपारी लू वाहते तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून त्या दिवसांत पहाटेची वेळ धरा.

पहिली पायरी : भागाकार

सुरुवात एराटोस्थेनिसच्या चाळणीनं करा. १ ते १००० पर्यंतच्या संख्या हातानं लिहा आणि २, ३, ५, ७ करत ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांच्या पटी खोडा. ३१ वर थांबायचं, कारण ३७ चा वर्ग १००० च्या पुढे जातो. १०० पर्यंत २५ मूळ संख्या उरायला हव्यात आणि १००० पर्यंत १६८. संगणकानं हे क्षणात होतं. पण मूळ संख्या हळूहळू विरळ होत जातात हे खोडताना हाताला जसं जाणवतं तसं छापील यादी वाचून जाणवत नाही. पुढे मूळ संख्यांच्या वाटणीचा सिद्धांत वाचाल तेव्हा हे पान उपयोगी पडेल.

मग युक्लिडची मसाविची रीत. आपल्या बागेचे आकडे घेऊ :

२७० = १ × १८७ + ८३
१८७ = २ × ८३ + २१
८३ = ३ × २१ + २०
२१ = १ × २० + १

मसावि १ आला. शाळेत आपण इथे थांबतो. संख्या सिद्धांतात खरं काम आता उलट्या दिशेनं सुरू होतं. शेवटच्या ओळीतून १ = २१ − २०. त्यात २० च्या जागी ८३ − ३ × २१ घाला, मग २१ च्या जागी १८७ − २ × ८३, आणि शेवटी ८३ च्या जागी २७० − १८७. हाती येतं :

१३ × १८७ − ९ × २७० = २४३१ − २४३० = १

कोणत्याही दोन संख्यांचा मसावि अशा रीतीनं त्या दोघांच्या पटींच्या फरकातून मिळतो. या एका गोष्टीवर पुढची अनेक प्रकरणं उभी आहेत. मूळ संख्येनं गुणाकाराला भाग गेला तर दोन अवयवांपैकी एकाला जातोच, हेही यातूनच निघतं, आणि मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे त्यातून. ही साखळी न बघता लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका. इथे महिना गेला तरी चालेल.

कुट्टक, आपल्या घरचा

याच टप्प्यावर लीलावती उघडा. मराठीत प्रा. ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ आहे. इंग्रजी चालत असेल तर कोलब्रुकचं १८१७ सालचं भाषांतर इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. फक्त कुट्टकाचं, म्हणजे खाली दिला आहे तसा गुणक शोधायच्या रीतीचं, प्रकरण वाचायचं.

भास्कराचार्य विचारतात : २२१ ला कोणत्या संख्येनं गुणून ६५ मिळवले असता १९५ नं निःशेष भाग जाईल? तिन्ही आकड्यांना १३ नं भाग जातो, म्हणून आधी ते लहान करायचे : १७, ५ आणि १५. गुणक ५ येतो आणि भागाकार ६. ताळा बघा : २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि ११७० भागिले १९५ म्हणजे ६. पुढची उत्तरं गुणकात १५ आणि भागाकारात १७ मिळवत जातात, म्हणजे २० आणि २३, मग ३५ आणि ४०.

रीत अशी की युक्लिडच्या पायऱ्यांतले भागाकार एकाखाली एक मांडायचे, त्या उभ्या रांगेला वल्ली म्हणतात, आणि खालून वर गुणत-मिळवत यायचं. आपल्या बागेची वल्ली १, २, ३, १. वर आपण उलट चालत जे केलं तेच हे, फक्त लिहिणं कमी. ही कल्पना आर्यभटानं ४९९ साली मांडली आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला ती शिकवण्याजोगी घडवली. बर्टनमधली रीत आणि वल्ली, दोन्हींनी तेच गणित शेजारीशेजारी सोडवा. माझा अनुभव असा की वल्लीनं सोडवणाऱ्यांच्या चुका कमी होतात.

दुसरी पायरी : काँग्रुअन्स, आणि गाउसशी पहिली भेट

दोन संख्यांना एकाच संख्येनं भागून सारखी बाकी उरत असेल तर त्या दोन संख्या काँग्रुअंट, आणि ज्या संख्येनं भागलं ती मॉड्युलो, थोडक्यात मॉड. त्यासाठीचं तीन रेघांचं ≡ हे चिन्ह गाउसनं १८०१ च्या ग्रंथात, अगदी सुरुवातीलाच आणलं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. मूळ लॅटिन ग्रंथाचं आर्थर क्लार्क यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९६६ मध्ये आलं. ग्रंथाचे सात विभाग आहेत. पहिले तीन तुम्ही आता वाचू शकता, आणि वाचाच. पहिला विभाग जेमतेम काही पानांचा आहे आणि त्यात ९ आणि ११ च्या कसोट्या का चालतात याचा उलगडा आहे. शाळेत आपण त्या नुसत्या वापरल्या.

इथेच देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं गणित घ्या. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात आकड्यांत रमत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच राहतो. वहीत करून बघितलंत की स्वतःला विचारा : प्रत्येक वजाबाकीला ९ नं भाग का जातो? दोन्ही संख्यांचे अंक तेच आहेत, म्हणून ९ नं भागल्यावर बाकी सारखी, म्हणून फरक ९ च्या पटीत. एका ओळीत सिद्धता झाली, आणि ती काँग्रुअन्सच्या भाषेत लिहिली की भाषेचा फायदा दिसतो.

आता आपली ओळ पुन्हा बघा. १३ × १८७ = २४३१, आणि २७० नं भागल्यावर बाकी १. म्हणजे मॉड २७० मध्ये १८७ चा व्यस्त १३ आहे. कुट्टक म्हणजे मॉड्युलोमधला भागाकार, हे कळलं की पहिली पायरी आणि दुसरी पायरी जुळतात.

फर्माचा छोटा सिद्धांत आणि ऑयलरचं फाय फंक्शन (दिलेल्या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ आहे ते मोजणारं) येईल तेव्हा दशांश अपूर्णांक हातानं काढा. १/७, १/११, १/१३ आणि १/१७. शेवटचा १६ अंकांनी आवर्ती होतो : ०.०५८८२३५२९४११७६४७ आणि पुन्हा पहिल्यापासून. १/१३ चा आवर्त मात्र ६ अंकांचाच. १७ ला १६ आणि १३ ला ६ का, हा प्रश्न घेऊन प्रिमिटिव्ह रूटच्या प्रकरणात शिरा. गाउसचा तिसरा विभागही याच वेळी वाचायचा.

आमचे १८७ इथे फार कामाचे ठरतात. १८७ = ११ × १७, म्हणून फाय १० × १६ = १६०. आता ७ × २३ = १६१, म्हणजे मॉड १६० मध्ये १. एवढ्यावर बँकेच्या संकेतलेखनात चालते ती आरएसए पद्धत छोट्या प्रमाणात उभी राहते. ५० हा निरोप घ्या. ५० चा सातवा घात मॉड १८७ काढा : ५०² ची बाकी ६९, चौथ्या घाताची ८६, सहाव्याची १३७, सातव्याची ११८. पाठवायचा आकडा ११८. ज्याच्याजवळ २३ आहे तो ११८ चा तेविसावा घात काढतो आणि ५० परत मिळवतो. दुसरा अर्धा भाग तुम्ही करा. मॉड ११ आणि मॉड १७ वेगवेगळं काढून जोडलंत तर दोन ओळींचं काम आहे, आणि चायनीज रिमेंडर सिद्धांत कशासाठी असतो तेही तिथेच दिसतं.

तिसरी पायरी : वर्गांची बाकी

इथे विषयाचं सौंदर्य पहिल्यांदा पूर्णपणे समोर येतं, आणि इथेच बरेच जण सोडून देतात. म्हणून या पायरीवर घाई नको.

प्रश्न साधा आहे. एखाद्या मूळ संख्येनं भागल्यावर पूर्ण वर्गांच्या कोणत्या बाक्या उरतात? आधी तक्ते करा. मॉड ११ मध्ये १, ३, ४, ५, ९ आणि बस. २ सोडून २३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचे तक्ते झाल्यावर एका मोठ्या चौकटीत भरा : आडवी एक मूळ संख्या, उभी दुसरी, आणि पहिली दुसरीच्या मॉडमध्ये वर्ग आहे की नाही याची खूण. चौकट कर्णाभोवती जवळजवळ सममित दिसेल. जिथे दोन्ही मूळ संख्या ४ नं भागल्यावर ३ उरतात, नेमकं तिथे खूण उलटते. ऑयलर आणि लजाँद्र यांना हा नियम दिसला होता; पहिली पूर्ण सिद्धता गाउसनं १७९६ मध्ये दिली आणि आयुष्यभर तो या नियमाच्या नवनव्या सिद्धता शोधत राहिला. यालाच क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी म्हणतात. चौकट स्वतः भरल्याशिवाय सिद्धता वाचू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

गाउसच्या चौथ्या विभागातली पहिली सिद्धता लांब आणि थकवणारी आहे. पहिल्या वाचनात ती सोडा. बर्टन आणि डॅव्हनपोर्ट दोघेही गाउसच्या लेमावरून (सहायक सिद्धांतावरून) जातात, तीच वाट धरा. त्यातही आयझेनस्टाइननं आयतातले बिंदू मोजून केलेली मांडणी बघा. चौकटीच्या वहीत आयत आखून बिंदू खरोखर मोजा.

नियम हाती आला की शिलालेखाचा संवत घ्या. ९३३ = ३ × ३११, आणि ३११ मूळ संख्या आहे. प्रश्न : मॉड ३११ मध्ये १८७ वर्ग आहे का? १८७ चे अवयव ११ आणि १७. ११ आणि ३११ दोघांचीही ४ नं भागल्यावर बाकी ३, म्हणून खूण उलटते. ३११ ची ११ नं बाकी ३, आणि ३ हा मॉड ११ मध्ये वर्ग आहे. म्हणून ११ मॉड ३११ मध्ये वर्ग नाही. १७ ची ४ नं बाकी १, म्हणून खूण तीच राहते. ३११ ची १७ नं बाकी ५, आणि ५ मॉड १७ मध्ये वर्ग नाही. म्हणून १७ ही नाही. दोन नकारांचा गुणाकार होकार. म्हणजे १८७ वर्ग आहे. वर्गमूळ न शोधता आपण ते आहे असं सांगितलं! आता शोधा : १३५² = १८२२५ = ५८ × ३११ + १८७. आणि १३५ म्हणजे २७० ची निम्मी. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सापडला तेव्हा फार आनंद झाला.

याच पायरीवर दोन वर्गांच्या बेरजेचा सिद्धांत घ्या. ४ नं भागल्यावर ३ उरणारी मूळ संख्या एखाद्या संख्येत विषम वेळा अवयव म्हणून येत असेल, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही, नाहीतर होतेच. चारही आकडे तपासा. २७० मध्ये ३ तीनदा, १८७ मध्ये ११ एकदा, ९३३ मध्ये ३ आणि ३११ एकेकदा, म्हणून तिघेही बाद. उरल्या माळा : ५० = १² + ७² = ५² + ५².

चौथी पायरी : वल्ली पुन्हा येते

२७० ÷ १८७ ला कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणून लिहिलं तर भागाकार येतात १, २, ३, १, २०. शेवटचा २० सोडला तर ही आपली वल्लीच. जवळ जवळ जाणारे अपूर्णांक काढा : १, ३/२, १०/७, १३/९ आणि शेवटी २७०/१८७. १३ आणि ९ ओळखीचे वाटले ना? १३ × १८७ − ९ × २७० = १ यातलेच ते. डॅव्हनपोर्टचं चौथं प्रकरण यावर आहे आणि या विषयावर त्याच्याइतकं स्वच्छ लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

त्यानंतर भास्कराचार्यांचं बीजगणित काढा आणि चक्रवाल, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जायची रीत, वाचा. समीकरण क्ष² − ६१य² = १, पूर्णांकात सोडवायचं. फर्मानं १६५७ मध्ये हेच समीकरण युरोपातल्या गणित्यांपुढे ठेवलं. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षं आधी सोडवून ठेवलं होतं. आधी लहान उदाहरणावर हात बसवा. १३ साठी १८² − १३ × ५² = −१. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ या, दोन उत्तरं जोडून नवं उत्तर काढायच्या रीतीनं हे स्वतःशीच जोडा : १८² + १३ × ५² = ६४९ आणि २ × १८ × ५ = १८०. आता ६४९² − १३ × १८०² = १.

६१ साठी सुरुवात ८² − ६१ × १² = ३ पासून. चक्रवालाच्या पुढच्या पायरीत ३९² − ६१ × ५² = −४ येतं. तिथून भावनेनं २९७१८² − ६१ × ३८०५² = −१, आणि पुन्हा एकदा भावना लावली की क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८०. हे हातानं करा, एक संध्याकाळ द्या. नंतर ताळा बघायला पारी-जीपी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, आधी नको.

आता हार्डी-राइट

एवढं झालं की हार्डी-राइट उघडायचं, आणि तेही हवं तिथून. नववं प्रकरण दशांशांवर आहे. तुमचा १/१७ तिथे भेटेल. मग सोळा ते अठरा, अंकगणिती फंक्शनांवर. मग एकोणिसावं, पार्टिशनचं. एखादी संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मोडता येते ते मोजायचं. ४ साठी ५, ९ साठी ३०, १४ साठी १३५. तिघांनाही ५ नं भाग जातो. हा रामानुजननं पाहिलेला नियम आहे, ४ पासून पाच-पाचच्या उडीनं चालणारा. आधी १ ते १४ चा तक्ता स्वतः करा, मग प्रकरण वाचा. शेवटी बाविसावं, मूळ संख्यांच्या वाटणीवर. तिथे चाळणीचं पान समोर ठेवा. पुस्तकात गणितं नसल्यामुळे प्रत्येक कलमाखाली स्वतः एक प्रश्न लिहायचा आणि सोडवायचा. २००८ च्या सहाव्या आवृत्तीत एलिप्टिक कर्व्हवरचं नवं प्रकरण आहे, ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा.

गाउसचा पाचवा विभाग, वर्गरूपांवरचा (अक्ष² + बक्षय + कय² अशा राशींवरचा), अर्ध्याहून जास्त ग्रंथ व्यापतो आणि भलताच दाट आहे. डॅव्हनपोर्टचं सहावं प्रकरण आधी वाचा. त्यानंतर गाउसची थोडी कलमं निवडून.

एकट्यानं की मिळून

मिळून. माधवगंज, जनकगंज, दौलतगंज, कुठेही एखाद्या घराची बैठक आणि एक फळा पुरतो. तीन-चार जण असावेत, त्याहून जास्त झाले की काही जण नुसते ऐकायला बसतात. आठवड्याला एकानं एक सिद्धता पुस्तक न बघता फळ्यावर मांडायची. बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला “हे कशावरून?” विचारायचं. वयाचा मान इथेही राखायचा, पण फळ्यासमोर काकांचीही त्या प्रश्नातून सुटका नाही आणि काकांनी तो आनंदानं घ्यावा. आमच्याकडे अकरावीतली मुलगी आणि तिच्या आजोबांच्या वयाचे गृहस्थ एकाच सिद्धतेवर भांडतात, आणि दोघांचाही अभ्यास त्यामुळे पक्का झालेला आहे.

पुढचा फाटा

हार्डी-राइटची निवडक प्रकरणं झाल्यावर दोन वाटा फुटतात. रेसिप्रॉसिटीनं मन ओढलं असेल तर आयर्लंड आणि रोझेन यांचं पुस्तक घ्या. त्यात हाच नियम गाउस बेरजांमधून पुन्हा सिद्ध होतो आणि तिसऱ्या, चौथ्या घातापर्यंत नेला जातो. त्यासाठी ग्रुप, रिंग आणि फील्डची तोंडओळख हवी, बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात ती असते, निवृत्त काकांना ती वेगळी शिकावी लागेल आणि त्याला तीन-चार महिने लागतात. मूळ संख्यांच्या वाटणीचं कोडं जास्त ओढत असेल तर अपोस्टॉलचं १९७६ सालचं ‘इंट्रोडक्शन टू ॲनॅलिटिक नंबर थिअरी’. त्याची दुसरी ते चौथी प्रकरणं बारावीच्या कॅल्क्युलसवर निभावतात. पहिलं पद आणि फरक यांचा मसावि १ असेल तर अंकगणिती श्रेढीत अमर्याद मूळ संख्या असतात, हा डिरिक्लेचा सिद्धांत सातव्या प्रकरणात कॉम्प्लेक्स ॲनॅलिसिसशिवाय सिद्ध होतो. तिथपर्यंत सरळ जा. मूळ संख्यांच्या वाटणीचा मोठा सिद्धांत, जो आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी १८९६ मध्ये वेगवेगळा सिद्ध केला, तेराव्या प्रकरणात येतो. तो गाठायच्या आधी पुस्तक बाजूला ठेवून कॉम्प्लेक्स ॲनॅलिसिसचा एक पूर्ण कोर्स करा, निदान कोशीचा इंटिग्रल सिद्धांत आणि रेसिड्यूंपर्यंत.